‘रक्तातच आहे’ म्हणजे नेमकं कुठे?

पत्र थोडक्यात असं: लालबागच्या चाळीत राहणारी एकतीस वर्षांची वाचक. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नवरा चौतीसचा, कार्यक्रमांना साउंड आणि लाइट पुरवण्याच्या धंद्यात. जागरणं निभावण्यासाठी म्हणून एमडी हा अमली पदार्थ घ्यायला लागला आणि दोन-अडीच वर्षांत घर पार पोखरून निघालं. मग व्यसनमुक्ती केंद्र, समुपदेशन. आता सोळा महिने झाले. मधे एकदाच, गेल्या अनंत चतुर्दशीला, पाय घसरला. सासरे गिरणी कामगार होते. संपानंतर गर्दच्या (ब्राउन शुगर, म्हणजे हलक्या हेरॉइनच्या) नादी लागले आणि हा मुलगा पाच वर्षांचा असताना गेले. सासूबाई म्हणतात, ‘रक्तातच आहे.’ त्यात पत्रलेखिकेच्या भावाने एक व्हिडिओ पाठवला: ड्रग्जमुळे जनुकांवर कायमच्या खुणा उमटतात, त्या मुलाबाळांत उतरतात, याला एपिजेनेटिक बदल म्हणतात. तो पाहिल्यापासून नवराही म्हणतो, ‘माझा मेंदूच बदललाय, मी काय करू?’ कुणीतरी अठ्ठावीस हजारांची ‘एपिजेनेटिक टेस्ट’ सुचवली आहे. ती विचारते: ‘ताई, आम्हाला मूल हवंय. हे सगळं खरं असेल तर होऊ द्यावं का? आणि हा कधी पूर्ण बरा होणार आहे, की मी जन्मभर खिसेच तपासत राहू?’

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या आईच्या वयाची असेन, म्हणून ‘तू’ म्हणते. पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा एका ओळीशी थांबले. तू ती कंसात टाकली आहेस, सहज आठवलं म्हणून लिहावं तशी: ‘पैसे हातात आले की पाकीट तसंच माझ्याकडे देतो, मोजतही नाही.’ त्या ओळीकडे मी नंतर येते. आधी तो व्हिडिओ.

मी डॉक्टर नाही. परळ भागातल्या एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात वैद्यकीय समाजसेविका म्हणून नोकरीची सगळी वर्षं काढली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे रुजू झाले, तेव्हा ओपीडीच्या बाकांवर बसलेल्या त्या वाळलेल्या माणसांसाठी सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असायचा, गर्दुल्ले. तुझे सासरेही कधी त्या बाकावर बसून गेले असतील. आणि ‘रक्तातच आहे’ हे वाक्य मी त्या बाकांशेजारी उभ्या असलेल्या आयांकडून, बायकांकडून इतकं ऐकलंय की त्याचा सूरसुद्धा पाठ झालाय. त्यात राग कमी असतो, दमणूक जास्त.

आता तुझ्या घरात झालंय असं, की मोबाइलमधून एक नवा शब्द आला आणि आल्या आल्या सासूबाईंच्या जुन्या वाक्याला जाऊन चिकटला. आई म्हणते तेच विज्ञानही म्हणतंय, असं सगळ्यांनी धरून टाकलं. माझी हरकत इथेच आहे. सासूबाई धाग्याबद्दल बोलतायत आणि व्हिडिओ पिळाबद्दल.

गिरणगावातल्या सुनेला हे समजवायला मला सोपं जाईल. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत साधारण दोन मीटर लांबीचा डीएनए असतो. एवढा लांब धागा एवढ्याशा जागेत मावायचा तर गुंडाळायला हवा. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या बॉबिनांवर गुंडाळलेला असतो. जिथे गुंडाळी घट्ट, तिथलं जनुक वाचलं जात नाही, गप्प पडून राहतं. जिथे सैल, तिथलं कामाला लागतं. बॉबिनवर अॅसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटला की गुंडाळी सैलावते. थेट धाग्यावर मिथाइल गट बसला की बहुधा ते जनुक बंद होतं. डोळ्यातली पेशी आणि यकृतातली पेशी एकाच धाग्यातून वेगवेगळं काम काढतात ते यामुळेच. एपिजेनेटिक्स हा शब्द वॅडिंग्टन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४२ साली वापरात आणला, तेव्हा डीएनएची रचनाही माहीत नव्हती.

तर अनुवंश म्हणजे धागा, आईबापांकडून मिळालेला, तो बदलत नाही. एपिजेनेटिक खुणा म्हणजे त्या धाग्याला आयुष्याने दिलेला पीळ. तुझ्या नवऱ्याच्या मेंदूत एमडीने काही केलं असेल तर ते या पिळात. आणि पीळ जन्माच्या वेळी नव्हता, तो रोजच्या करण्याने बसला, हे त्या शब्दातच आहे. मग त्याचा अर्थ ‘रक्तातच आहे’ असा कसा काढायचा?

नशा हा पीळ कसा घालते, यावर न्यू यॉर्कमधल्या एरिक नेस्लर यांच्या गटाने उंदरांवर कित्येक वर्षं काम केलंय. मेंदूत खोल आत न्यूक्लिअस अक्युम्बेन्स नावाचा एक छोटा भाग आहे, हवंहवंसं वाटण्याचं केंद्र म्हण. नशा वारंवार दिली की तिथे डेल्टा-फॉसबी नावाचं एक प्रथिन साठत जातं. त्याच्या जातकुळीतली बाकीची प्रथिनं काही तासांत विरतात, हे मात्र नशा थांबल्यावरही काही आठवडे टिकतं आणि तेवढ्या काळात कुठली जनुकं उघडायची, कुठली मिटायची यात ढवळाढवळ करतं. २०१० साली याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. जी९ए नावाचं एक एन्झाइम आहे, काही जनुकांना कुलूप घालणं हे त्याचं काम. वारंवार कोकेन दिल्यावर त्या भागातलं हे एन्झाइम घटलं. कुलूपवालाच रजेवर, मग जी दारं बंद असायला हवीत ती उघडी राहिली, चेतापेशींना नवे काटे फुटले, कोकेनची ओढ वाढली. पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग तुझ्या व्हिडिओत नसणार. संशोधकांनी तेच एन्झाइम तिथे पुन्हा वाढवलं तेव्हा ती ओढ उतरली.

यातलं बहुतेक काम कोकेन, अॅम्फेटामाइन, अफूजन्य पदार्थ, दारू आणि निकोटिन यांवरचं आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन, तो याच उत्तेजकांच्या कुळातला. या संशोधनातून व्यसनाच्या ‘खुणा पुसणारी’ गोळी अजून निघालेली नाही. कुणी विकत असेल तर त्याला दारातूनच वाटेला लाव.

आणि ती टेस्ट. या खुणा पेशीपेशीत वेगळ्या असतात. नशेने मेंदूच्या आतल्या त्या भागात काय केलं, हे माणसात बघायचं तर मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूतच बघतात. रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावरून ‘याचा मेंदू किती टक्के व्यसनी’ असं सांगणारी कुठलीही मान्य चाचणी नाही. रक्तात दिसणारी एक खूण मात्र खरी आहे, ती सिगारेटची. एएचआरआर नावाच्या जनुकावरचे मिथाइल गट सिगारेट ओढणाऱ्यांत स्पष्ट कमी झालेले दिसतात. आणि सिगारेट सोडली की पुढच्या काही वर्षांत ते बरेचसे पूर्ववत होत जातात. ‘कायमच्या खुणा’ म्हणणाऱ्या तुझ्या भावाला हे एवढं जरूर सांग. अठ्ठावीस हजार ठेव बाजूला, पुढे लागतील.

सिगारेटवरून आठवलं. तू लिहिलंस, ‘आता फक्त सिगारेट आहे, ती तरी असू दे म्हणते.’ मीही पूर्वी असंच म्हणायचे. २०११ मध्ये डेनिस आणि एरिक कँडेल यांच्या गटाने उंदरांना आधी काही दिवस निकोटिन दिलं आणि मग कोकेन. निकोटिनने त्या बॉबिना आधीच सैल करून ठेवल्या होत्या, त्यामुळे कोकेनचा परिणाम कितीतरी जास्त झाला. उंदराचं ते उंदराचं. पण व्यसनमुक्तीच्या वाटेवर असताना सिगारेट सोडली तर माणूस कोलमडतो, ही समजूतही अभ्यासांत टिकलेली नाही, उलट सोडणाऱ्यांचं जास्त बरं चाललेलं दिसतं. घरात बाळ आणायचं म्हणताय तर सिगारेट तशीही जायला हवी. रागाने नको, डॉक्टरांशी बोलून.

मग खुणा पुसतात म्हणून तो पूर्ण बरा होईल का? तुला गोड वाटेल असं उत्तर द्यायचं झालं तर इथेच थांबता आलं असतं.

माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. गर्द सोडून नऊ वर्षं झाली होती. रिक्षा चालवायचे, मुलगी कॉलेजात. एकदा मुलीच्या वाढदिवसाचं चॉकलेट द्यायला आले. मला म्हणाले, ‘तुम्हीच उघडा मॅडम.’ मला वाटलं मान देतायत. नंतर त्यांच्या बायकोने सांगितलं, ते घरातही चॉकलेट उघडत नाहीत. गर्द पन्नीवर ठेवून, खालून काडी लावून ओढायची. तो चांदीचा कागद बोटांत चुरचुरला की त्यांच्या तोंडाला नऊ वर्षांनीही पाणी सुटायचं, तळहात ओले व्हायचे. त्यांनी त्यावर तोडगा काढला होता, कागद दुसऱ्याने काढायचा. बस्स. या माणसाला बरा म्हणशील की नाही?

मी म्हणेन. अगदी ठणठणीत.

तुझ्या नवऱ्याची पन्नी म्हणजे विसर्जनाची रात्र. स्पीकरच्या भिंतीसमोर छातीत घुमणारा तो ठोका, जनरेटरचा वास, पहाटे तीनचा चहा, जुनी मंडळी. तू लिहिलंस की तेव्हा सहा महिने होऊन गेले होते, सगळं छान चाललं होतं, ‘मग अचानक का?’ अचानक नव्हतं ते. २००१ साली उंदरांवरच्या एका प्रयोगात असं दिसलं की कोकेन बंद केल्यावर त्याच्याशी जोडलेल्या इशाऱ्याने उठणारी ओढ पहिल्या दोन महिन्यांत कमी होण्याऐवजी वाढत गेली. वरून शांत, आतून मुरत चाललेली, लोणच्यासारखी. केंद्रातून बाहेर पडून दोन-तीन महिने झाले की घरचे निर्धास्त होतात आणि नेमकी तीच वेळ निसरडी असते, ते यामुळे. मेंदूतल्या खुणा म्हणजे एका अर्थी आठवण आहे. मनाला विसर पडला तरी पेशीने जपून ठेवलेली. ती हाक मारते कुठे तर जिथे बसली तिथेच.

याची उलट बाजूही खरी, आणि ती उंदरांची नाही, माणसांची आहे. व्हिएतनाम युद्धात १९७१ च्या सुमारास अमेरिकी सैनिकांतले जवळपास पाचातला एक जण तिथे हेरॉइनच्या व्यसनात होता. सरकार हादरलं, आता हे सगळे गावोगावी परत येणार. ली रॉबिन्स नावाच्या संशोधिकेने परतलेल्यांचा माग काढला. तिथे व्यसनी असलेल्यांपैकी मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात गेलेले निघाले शंभरात पाचच्या आसपास. त्यांच्या मेंदूत काही बदललं नव्हतं असं नाही. पण ती छावणी, ते मित्र, ती भीती, तो सहज मिळणारा माल, सगळं समुद्रापलीकडे राहिलं होतं.

तुझ्या नवऱ्याचं व्हिएतनाम लालबागातच आहे आणि पोटही त्यावरच चालतं. त्यामुळे ‘तो धंदाच सोडून दे’ असं मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणणार नाही, टेम्पोचा हप्ता मी भरणार नाहीये. पण साउंडच्या कामात रात्रीचे कार्यक्रम सोडून दुसरंही काही असतंच ना? शाळांचे, सभागृहांचे, देवळांचे कायमचे स्पीकर बसवणं, दुरुस्ती, गोडाऊन सांभाळणं, भाड्याने सामान देणं. पैसे कमी पडतील. किती कमी पडतील ते दोघांनी वहीत लिहून काढा, आकडा दिसला की भीती निम्मी होते. आणि यंदाच्या अनंत चतुर्दशीचं आत्ताच ठरवा, आषाढात. भाद्रपदात ठरवायला गेलात तर मंडळाची पोरं येतील आणि ‘दादा, एवढं एकच’ म्हणतील. तुमचं गाव संगमेश्वरकडे आहे म्हणतेस. गौरी-गणपतीला गावी जा आणि विसर्जनं आटोपल्यावरच परत या. सासऱ्यांच्या पिढीतली निम्मी गिरणी गणपतीला कोकणात रिकामी व्हायची, कुणी नावं ठेवणार नाही.

आता ‘माझा मेंदूच बदललाय, मी काय करू?’ या वाक्याचं बघू, कारण ते घरात रुळलं तर फार महागात पडेल. पहिला अर्धा भाग खरा आहे, तो नाकारू नकोस. ‘बहाणे नको सांगू’ म्हणालीस तर भांडण होईल आणि हरशील तूच. त्याला म्हण, हो, बदललाय. ज्याचा खांदा एकदा निखळलाय तो दुसऱ्यांदाही निखळू शकतो, डॉक्टर तसं सांगतातच. म्हणून तो माणूस विरार फास्टच्या दारात एका हाताने लटकत नाही, एक गाडी सोडतो. खांदा निखळला हा त्याचा दोष नसेल, पण कुठल्या गाडीत चढायचं ते तोच ठरवतो. ‘मी काय करू’ला खरोखर उत्तरं आहेत, ती समुपदेशकाकडे बसून काढायची असतात. हाक आली की पहिली वीस मिनिटं काय करायचं, फोन कुणाला लावायचा, कुठल्या गल्लीने घरी यायचं. एमडीसारख्या उत्तेजकांवर, अफूजन्य पदार्थांसाठी ब्युप्रेनॉर्फिन असतं तसं ठरलेलं औषध नाही, त्यामुळे हे बोलणं, सराव आणि नेमाने जाणं हाच उपचार. केंद्रातून बाहेर आल्यावर तो फॉलोअपला जातो का, याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. जात नसेल तर सगळ्यात आधी तेवढं सुरू करा.

आणि मूल.

तू धरून चाललीस की बापाची खूण मुलात उतरते आणि उतरते ती वाईटच. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी नर उंदरांना दोन महिने हवं तेवढं कोकेन घेऊ दिलं आणि मग त्यांच्या पिल्लांकडे पाहिलं. त्या बापांच्या मुलांना कोकेनची ओढ कमी निघाली! मुलींत काहीच फरक नाही. चार वर्षांनी दुसऱ्या एका अभ्यासात, जे नर कोकेनसाठी जिवाचा आटापिटा करत होते त्यांच्या पिल्लांत ओढ जास्त दिसली. म्हणजे उंदरांतही गाडी कधी या रुळावर तर कधी त्या. माणसांत, बापाच्या नशेची खूण शुक्राणूतून येऊन मुलाला व्यसनी करते, हे सिद्ध झालेलं नाही. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत वडिलांकडून आलेल्या बहुतेक मिथाइल खुणा पुसून पाटी बरीचशी कोरी केली जाते, हेही त्या व्हिडिओत सांगितलं नसेल. शिवाय शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. आज जे आहेत ते गेल्या अनंत चतुर्दशीला जन्मालाही आले नव्हते.

धाग्याचं मात्र मी तुझ्यापासून लपवणार नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांवरून व्यसनाकडे असलेल्या कलापैकी साधारण निम्मा वाटा जनुकांचा धरतात. आजोबा आणि वडील दोघंही, म्हणजे तुमच्या मुलात तो कल इतरांपेक्षा थोडा जास्त असू शकेल. तो मूल सोळा-सतराचं झाल्यावर त्याला आजोबांची गोष्ट खरी सांगण्याचा विषय आहे. जन्मच द्यायचा नाही, एवढा तो मोठा नाही. मधुमेहाच्या घरात आपण मुलं होऊ देतोच, फक्त पाहुण्यांच्या ताटातल्या तिसऱ्या लाडवाकडे लक्ष ठेवतो.

आणि घरचं वळणही खूण उमटवतं. मॉन्ट्रियलमध्ये मायकेल मीनी आणि मोशे स्झिफ यांच्या गटाने २००४ साली उंदीर-आयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या आया पिल्लांना भरपूर चाटायच्या, त्यांच्या पिल्लांत ताण सोसण्याशी संबंधित जनुकावर वेगळी खूण होती. पिल्लांची अदलाबदल केली, तर पिल्लात खूण सापडली ती सांभाळणाऱ्या आईसारखी. हे सांगताना मला धाकधूक वाटते, कारण आपल्याकडे असलं काही कळलं की सगळं ओझं आईच्या डोक्यावर येतं. म्हणून लगेच जोडते: चाटायला बापालाही जीभ आहे.

माझी खरी चिंता वेगळीच आहे. तान्हं मूल म्हणजे जागरण. तुझ्या नवऱ्याची सगळी कहाणी जागरणापासून सुरू झाली. पहिले सहा महिने रात्री कोण उठणार, तुझ्या आईला की सासूबाईंना बोलवायचं, त्या काळात तो रात्रीचं काम घेणार का, हे दिवस जाण्याआधी ठरवा. आणि कुणी म्हणालं, ‘पोर झालं की जबाबदारीने सुधारेल’, तर हसून विषय बदल. मूल हे औषध म्हणून आणायची वस्तू नव्हे. मला विचारशील तर हे गणपती गावी पार पडू देत, फॉलोअप नियमित होऊ दे, मग कार्तिकात निर्णय घ्या. चार महिन्यांनी काही बिघडत नाही.

खिशांबद्दल. किती दिवस तपासतेस? आणि काही सापडलं का? पत्रात फक्त ‘तपासत राहू का’ एवढंच आहे, सापडल्याचा उल्लेख नाही. गेल्या चतुर्दशीला घसरला तेव्हाही तुला खिशातून कळलं नव्हतं. तूच लिहिलंस, पहाटे दारात बसून त्याने स्वतः सांगितलं. आता ती कंसातली ओळ याच्या शेजारी ठेव: न मोजता दिलेलं पाकीट. तू पाहारा देतेस त्या दारातून काहीच आलं नाही आणि जे आलं ते त्याने आपणहून आणून दिलं. पाहारा सोडून दे, झोप लागेल म्हणत नाही, तुझ्या अंगालाही या अडीच वर्षांनी पीळ दिलाय. पण चोरून तपासण्याऐवजी दोघांना मान्य असलेली एक सोय लावा. महिन्यातून एकदा डॉक्टरांकडे लघवीची तपासणी. दुकानातल्या साध्या किटमध्ये एमडी बऱ्याचदा दिसतच नाही, तेव्हा कुठली तपासणी करायची ते डॉक्टरांनाच ठरवू दे. ती एक तारीख सोडली तर बाकीचे एकोणतीस दिवस खिसे त्याचे.

तुझ्यासाठीही एक जागा हवी. व्यसनी माणसांच्या घरच्यांचे गट असतात, तिथे आपली नाचक्की होईल असं वाटतं, पण सगळ्याच त्याच नावेतल्या असल्यामुळे तिथे उलट पहिल्यांदा मोकळं हसू येतं.

ज्यांच्या घरात हे आत्ता सुरू आहे, त्यांच्यासाठी थोडं: केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि खर्च झेपण्यासारखा असतो. वांद्र्याचं कृपा फाउंडेशन आणि पुण्याचं मुक्तांगण यांनी चाळीसेक वर्षं हेच काम केलंय. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्हींवर फोनचे पैसे पडत नाहीत. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नका. स्वतःच्या सेवनापुरत्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला माणूस मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला आपणहून पुढे आला तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम ६४अ एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. आणि घरात कुणाचं गर्द किंवा अफूजन्य गोळ्यांचं व्यसन सुटलं असेल तर एक धोका लक्षात ठेवा: खंडानंतर शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे पूर्वीचाच डोस पुन्हा घेतला तर जीव जाऊ शकतो.

सासूबाईंचं राहिलं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. एखाद्या दुपारी भाजी निवडताना विचार, ‘बाबांचं आधी काय सुटलं, गिरणी की शुद्ध?’ १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली होती, आणि त्याच दशकात गर्द या शहरात गल्लोगल्ली मिळायला लागली. तुझे सासरे त्या दोन्हींच्या मधे सापडले. ‘रक्तातच आहे’ म्हणण्यात सासूबाईंची एक सोय आहे, मग नवऱ्याला दोष द्यावा लागत नाही आणि स्वतःलाही. ती सोय हिसकावून घेऊ नकोस. फक्त त्यांना बोलू दे. तीस वर्षांत कुणी विचारलं नसेल.

अनंत चतुर्दशीनंतर मला दोन ओळी लिही. त्या रात्री तुम्ही दोघं कुठे होतात, एवढंच.

तुझी,
ताई